पुस्तकाविना हाती आलेलं विमान: पहिल्या उड्डाणाआधीचं काम

ऐरोलीच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचे प्रश्न असे आहेत: युद्ध संपल्यावर शत्रूचं विमान हाती लागलं तर चाचणी वैमानिक ते नेमकं कसं उडवतात? घात कुठे होतो? जेट इंजिन असेल तर काय सांभाळावं लागतं? आणि आपल्याकडे असं काही झालं आहे का?

प्रश्नाच्या मांडणीत एक समज दिसतो. धाडसी वैमानिक अनोळखी कॉकपिटमध्ये बसतो, चार खटके ओळखतो आणि उडतो, असा. प्रत्यक्षात उड्डाण हा या कामाचा शेवटचा आणि सगळ्यात छोटा भाग आहे. विमान हाती आलं की सर्वांत आधी त्याची देखभाल करणारे मेकॅनिक, ते उडवलेला वैमानिक आणि त्याची कागदपत्रं शोधायची. माणसं मिळाली तर निम्मं काम झालं. नाही मिळाली तर प्रत्येक नट स्वतः उघडून पाहावा लागतो, आणि तेवढा वेळ नसेल तर उडायचं नाही.

१९४५ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या कर्नल हॅरॉल्ड वॉटसन यांच्या तुकडीने जर्मनीत लेखफेल्ड इथे मेसरश्मिट २६२ ही जेट विमानं गोळा केली, तेव्हा त्यांनी मेसरश्मिट कंपनीचे चाचणी वैमानिक कार्ल बाउर आणि हॉफमन यांना, शिवाय कंपनीच्या मेकॅनिकांना सोबत घेतलं. दोन आसनांच्या प्रशिक्षण विमानात जर्मन वैमानिक सोबत बसून अमेरिकी वैमानिक शिकले. मग ती विमानं उडवत फ्रान्सच्या शेरबूर बंदरापर्यंत नेली, तिथून 'एचएमएस रीपर' या जहाजावरून अमेरिकेला. ब्रिटनमध्ये फार्नबरोच्या विमान-संशोधन केंद्रात चाचणी वैमानिक कॅप्टन एरिक ब्राऊन हे काम करत होते. त्यांना जर्मन अस्खलित येत होतं, त्यामुळे पकडलेल्या वैमानिकांशी आणि कारागिरांशी ते थेट बोलू शकत. आयुष्यभरात ४८७ प्रकारची विमानं उडवणाऱ्या या माणसाचं भाषेचं ज्ञान त्याच्या हाताच्या कौशल्याइतकंच उपयोगी पडलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता क्रमाने.

विमानाजवळ पहिला जातो तो स्फोटकांचा जाणकार. माघार घेणारं सैन्य विमान मोडून तरी जातं, नाहीतर त्यात सापळा ठेवून. आसनाखालची जागा, बॅटरीचा खण, चाकं आत घेतल्यावर राहतात तो खण, इंधनटाकीचं झाकण ही नेहमीची ठिकाणं. सापळा नसला तरी विमानाची स्वतःची स्फोटकं असतात. हाइन्केल १६२ मध्ये वैमानिकाचं आसन काडतुसाने बाहेर फेकलं जाई. डॉर्निये ३३५ मध्ये एक इंजिन नाकात आणि दुसरं शेपटीकडे होतं, म्हणून बाहेर पडण्याआधी मागचा प्रोपेलर आणि उभी शेपटी उडवून लावणारे स्फोटक बोल्ट बसवले होते. ही व्यवस्था ठाऊक नसलेल्या माणसाने कॉकपिटमधला चुकीचा खटका ओढला तर शेपटीवर काम करणारा मेकॅनिक जागीच जाईल. म्हणून सुरक्षा-पिना घातल्याशिवाय आणि काडतुसं काढल्याशिवाय कोणी आत बसायचं नाही.

मग द्रव पदार्थ. टाकीत जे आहे ते सगळं काढून टाकायचं, नमुना ठेवायचा. वाळू, पाणी, साखर यांपैकी काहीही सापडू शकतं. जर्मन विमानांवर इंधन भरण्याच्या तोंडाशी पिवळा त्रिकोण असे आणि त्यात ऑक्टेनचा आकडा. ८७ म्हणजे बी-४ इंधन. फॉके-वुल्फ १९० च्या बीएमडब्ल्यू ८०१डी इंजिनाला मात्र वरच्या दर्जाचं सी-३ लागे. कमी ऑक्टेनचं इंधन भरून पूर्ण दाब दिला की डेटोनेशन होतं, म्हणजे इंधन नीट जळण्याऐवजी स्फोटासारखं पेटतं, आणि पिस्टनच्या माथ्याला भोक पडतं. त्रिकोण वाचायला अर्धा मिनिट लागतो, न वाचल्यास इंजिन जातं.

मेसरश्मिट १६३ हे रॉकेट विमान इथे वेगळं काढून सांगायला हवं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यांत काम केलेल्यांना हायड्रोजन पेरॉक्साइड ठाऊक असतं. ३५ किंवा ५० टक्क्यांचं पेरॉक्साइड साठवतानासुद्धा तांबं, पितळ, गंज, चिंध्या, लाकडाचा भुसा यांपैकी काहीही जवळ येऊ देत नाहीत आणि टाकीला हवा सुटायला वाट ठेवतात. या विमानात ८० टक्क्यांचं पेरॉक्साइड होतं, नाव टी-स्टॉफ. दुसऱ्या टाक्यांत सी-स्टॉफ, म्हणजे मिथेनॉल, हायड्राझिन हायड्रेट आणि पाणी. दोन्ही एकत्र आले की ठिणगी न देता पेट घेतात. टी-स्टॉफच्या प्रत्येकी ६० लिटरच्या दोन टाक्या वैमानिकाच्या डाव्या-उजव्या बाजूला, कॉकपिटमध्येच! म्हणून दोन्ही द्रव भरणाऱ्या गाड्या एकाच वेळी विमानाजवळ आणायच्या नाहीत, एक भरून झाल्यावर सगळी जागा भरपूर पाण्याने धुवायची, मगच दुसरी गाडी. वैमानिकाचा पोशाख सेंद्रिय धाग्याचा चालत नाही, कारण सुती कापडावर इतकं तीव्र पेरॉक्साइड सांडलं तर कापड पेटतं. ब्राऊन यांनी जून १९४५ मध्ये हे विमान इंजिन चालवून उडवलं, तेही जर्मन जमिनी-पथकाच्या मदतीने. इतरत्र बहुतेक चाचण्या दुसऱ्या विमानाने ओढून वर नेऊन ग्लायडरसारख्या केल्या, आणि तेच शहाणपणाचं होतं. पंखांची वागणूक तशीही मोजता येते.

सांगाडा तपासताना धातूपेक्षा डिंकाने जास्त माणसं मारली हे लक्षात ठेवावं. हाइन्केल १६२ चे पंख आणि उभ्या शेपट्या लाकडी होत्या. चांगला डिंक बनवणारा वुपरटालचा कारखाना बॉम्बहल्ल्यात गेला, त्यानंतर वापरलेल्या पर्यायी डिंकातलं आम्ल लाकूडच खाऊ लागलं. १० डिसेंबर १९४४ ला पहिल्या नमुन्याच्या पंखाचं आवरण वेगात असताना सुटलं आणि वैमानिक गोटहोल्ड पीटर ठार झाले. युद्ध संपल्यावर ९ नोव्हेंबर १९४५ ला फार्नबरोजवळ कमी उंचीवर प्रात्यक्षिक चालू असताना याच प्रकारच्या विमानाची शेपटी तुटली आणि फ्लाइट लेफ्टनंट मार्क्स गेले. जोडाची तपासणी कशी करायची? नाण्याने किंवा छोट्या हातोडीने दर ५ सेंटीमीटरवर ठोकत जायचं. घट्ट जोड टणक वाजतो, सुटलेला पोकळ. शंका आली तिथे आवरण काढून डिंकाची रेघ उघडी करायची. रंग काळपट आणि लाकूड भुसभुशीत असेल तर ते विमान संग्रहालयात ठेवावं. ज्या शेपटीच्या जोडाची खात्री नाही त्या विमानात जोरात सुकाणू मारायचं नाही, ही मर्यादा वैमानिकाच्या कार्डावर पहिल्या ओळीत हवी.

जेट इंजिनाबद्दल तुम्ही विशेष विचारलं आहे, म्हणून मेसरश्मिट २६२ च्या युमो ००४ इंजिनाबद्दल जरा सविस्तर. जर्मनीकडे निकेल आणि कोबाल्टचा तुटवडा होता. त्यामुळे दहनकक्ष साध्या पोलादाचे करून त्यावर अॅल्युमिनियमचा थर दिला होता आणि टर्बाइनची पाती आतून हवा खेळवून थंड ठेवली होती. परिणाम: इंजिनाचं आयुष्य १० ते २५ तास. विमान हाती येतं तेव्हा त्यातले किती तास गेले हे नोंदवहीवरून कळतं. नोंदवही जळाली असेल तर इंजिन उघडून पात्यांची लांबी मोजावी लागते. उष्णतेने ताणलेलं पातं आवरणाला घासतं, घासल्याच्या खुणा दिसल्या की ते इंजिन बाद.

चालवण्याची पद्धतही शिकावी लागते. नाकातल्या दोन-स्ट्रोकच्या छोट्या रीडेल इंजिनाने मुख्य इंजिन फिरवायचं, पेटलं की मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर स्थिर करायचं. ६,००० फेऱ्यांपर्यंत थ्रॉटल अगदी सावकाश न्यायचा. घाई केली तर इंधन जास्त पडतं, हवा तेवढी आलेली नसते, तापमान उसळतं आणि पाती जळतात. कमाल फेरे ८,७००. उंचावर थ्रॉटल झटक्यात मागे घेतला तर ज्योत विझते आणि साधारण ४,००० मीटरच्या वर ती परत पेटत नाही. उतरताना, धावपट्टी नक्की मिळणार याची खात्री होईपर्यंत फेरे ६,००० च्या खाली जाऊ द्यायचे नाहीत, कारण तिथून परत वर यायला इंजिन फार वेळ घेतं. पिस्टन इंजिनावर वाढलेला वैमानिक हे वाचून मान डोलावतो आणि पहिल्याच फेरीत हात सवयीने पुढे मारतो. म्हणून जमिनीवर, विमान बांधून, थ्रॉटल ३,००० वरून ८,७०० पर्यंत नेण्याचा सराव अनेकदा करून घेतात. एवढं सांभाळूनही १९४५ च्या उन्हाळ्यात शेरबूरच्या वाटेवर ५० मिलिमीटरची तोफ बसवलेल्या मेसरश्मिट २६२ चं इंजिन हवेतच फुटलं आणि खुद्द हॉफमनना पॅराशूटने उडी मारावी लागली.

याच विमानाचं पुढचं चाक कमजोर होतं. ओढताना दोर मुख्य चाकांच्या पायांना बांधायचा, पुढच्या पायाला कधीच नाही. उतरल्यावर पुढचं चाक हळुवार टेकवायचं, ते टेकल्यावरच ब्रेक.

आता कॉकपिट. इंग्रज-अमेरिकी वैमानिकाला जर्मन एककं बदलून घ्यावी लागतात. इंजिनाच्या दाबनळीचा आकडा एटीए या जर्मन दाब-एककात असतो. १.४२ एटीए म्हणजे सुमारे ४१ इंच पारा, ब्रिटिश मोजणीत साधारण साडेपाच पाउंड बूस्ट. डोक्यात हिशेब करत बसायचा नाही, डायलच्या काचेवर रंगाने हिरवी-लाल रेघ ओढायची. दिशा उलटी असणं त्याहून घातक. युद्धापूर्वीच्या फ्रेंच विमानांत जोर वाढवायला थ्रॉटल मागे ओढावा लागे. सोव्हिएत कृत्रिम क्षितिजात कलताना विमानाची आकृती फिरते, पाश्चात्त्य क्षितिजात मागची रेघ. ढगात ही गफलत जिवावर बेतते. मिगचा ब्रेक दांडीवरच्या कडीने, दाबलेल्या हवेने चालतो आणि पायातल्या सुकाणूने डावी-उजवी बाजू निवडली जाते. पायाच्या टोकाने ब्रेक मारायची सवय असलेला अमेरिकी वैमानिक टॅक्सी करतानाच, म्हणजे विमान जमिनीवर चालवतानाच, पट्टीबाहेर जाऊ शकतो. उलट कॉकपिट नीट वाचलं तर ते बरंच सांगतं. मिग-१५ च्या डायल-फळीवर मधोमध पांढरी उभी पट्टी होती. विमान गरगर फिरत खाली पडू लागलं तर दांडी त्या पट्टीच्या रेषेत मध्यावर आणायची, एवढाच तिचा अर्थ. ज्या विमानात अशी पट्टी रंगवावी लागते त्याचा स्पिन वाईट असणार, हे उडण्याआधीच कळतं. उत्तर कोरियाचे नो कुम-सोक २१ सप्टेंबर १९५३ ला मिग-१५ घेऊन दक्षिण कोरियातल्या किंपो तळावर उतरले, तेव्हा विमानासोबत ते चालवणारा माणूसही मिळाला. म्हणूनच ओकिनावातल्या चाचण्या त्याच वर्षी लगेच सुरू करता आल्या.

वेगमापकावर कधीच विश्वास ठेवायचा नाही, तो तपासायचा. प्लास्टिकची नळी यू आकारात वाकवा, पाणी भरा, एक टोक पिटो नळीला (वेग मोजण्यासाठी समोरून येणारी हवा घेणारी विमानाची नळी) जोडा आणि फुंकून दाब द्या. समुद्रसपाटीवर २०० किमी वेगाला पाण्याच्या पातळीतला फरक सुमारे १९३ मिलिमीटर हवा, ४०० किमीला सुमारे ७९०. मग नळी चिमटा लावून बंद करा आणि काटा पाहा. काटा सरकत खाली आला तर कुठेतरी गळती आहे, बहुधा तडकलेल्या रबरी नळीत. हवेतली चूक वेगळी, ती ओळखीच्या विमानाला बाजूने उडवून, दोघांचे आकडे रेडिओवर जुळवून काढतात.

तोफा काढल्या की काम सोपं झालं असं वाटतं, पण गुरुत्वमध्य सरकतो. मेसरश्मिट २६२ च्या नाकात चार एमके-१०८ तोफा, प्रत्येकी ५८ किलोच्या आसपास, म्हणजे एकूण २३२ किलो. समजा विमान ६,००० किलोचं आणि तोफा गुरुत्वमध्याच्या ३.५ मीटर पुढे. त्या काढल्यावर मध्य मागे सरकतो २३२ गुणिले ३.५ भागिले ५,७६८, म्हणजे जवळपास १४ सेंटीमीटर. सरासरी पावणेदोन मीटर रुंदीच्या पंखावर ते ८ टक्के होतात. एवढ्याने स्थिर विमान बेभरवशाचं होऊ शकतं. म्हणून तीन चाकांखाली तीन काटे ठेवून वजन घ्यायचं आणि नाकात शिसं किंवा वाळूच्या पिशव्या घट्ट बांधायच्या. पिशवी सैल राहिली तर ती सरकून नियंत्रण-दांड्यात अडकते.

एवढं झाल्यावर टॅक्सी. आधी चालण्याच्या वेगाने, मग उडण्याच्या वेगाच्या ६० ते ७० टक्क्यांपर्यंत, प्रत्येक फेरीनंतर ब्रेकचे ड्रम हाताने चाचपून. लांब धावपट्टी इथे कामी येते. नवी मुंबई विमानतळाच्या ३,७०० मीटरच्या पट्टीवर अशा विमानाला उचलून परत टेकवण्याइतकी जागा उरली असती. १९४५ च्या बहुतेक तळांवर ती नव्हती. हवामानाचाही हिशेब धरावा लागतो. ठाण्यात मे महिन्यात ३५ अंश तापमान आणि भरपूर दमटपणा असताना हवेची घनता १५ अंशांच्या मानक हवेपेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी कमी असते. पंखाची उचल आणि इंजिनाचा जोर दोन्ही घटतात, त्यामुळे धाव निदान १५ ते २० टक्क्यांनी लांबते. मिळालेले सगळे आकडे अहवालात मानक हवेवर आणून लिहायचे, नाहीतर दोन देशांच्या चाचण्यांची तुलनाच होत नाही.

पहिलं उड्डाण अर्ध्या इंधनावर, चाकं खाली ठेवूनच, सोबत एक पाठलाग-विमान. ३,००० मीटरवर जाऊन वेग हळूहळू कमी करत विमान कुठे कोसळायला लागतं ते पाहायचं, आधी चाकं-फ्लॅप खाली असताना, मग वर घेऊन. काट्यावर १५० दिसलं तर उतरतानाचा वेग १.३ पट, म्हणजे १९५. काटा थोडा खोटा असला तरी दोन्ही आकडे त्याच काट्याचे असल्याने चूक बरीचशी आपोआप भागते. मग त्याच उंचीवर, ३,००० मीटरला जमीन मानून, उतरण्याची रंगीत तालीम. त्यानंतरच खाली. चाकं आत घेणं, वेग २५-२५ किमीने वाढवणं, कडक वळणं, हे पुढच्या उड्डाणांत.

घात होतात ते बहुतेक या क्रमातली पायरी गाळल्याने, किंवा जमिनीवर सापडण्याजोगा दोष सापडला नाही म्हणून. १८ जानेवारी १९४६ ला फार्नबरोजवळ डॉर्निये ३३५ च्या मागच्या इंजिनाला आग लागली आणि ग्रुप कॅप्टन हार्ड्स मारले गेले. त्या विमानात मागचं इंजिन वैमानिकाच्या पाठीमागे, नजरेबाहेर. आग लागल्याचं कळेपर्यंत ती शेपटीच्या नियंत्रणांपर्यंत पोचलेली असते. अशा विमानात मागे आगीचा इशारा देणारी तार बसवल्याशिवाय उडू नये.

आणखी एक चूक कागदावर होते. दुरुस्त केलेलं, थकलेलं विमान उडवून त्याचे आकडे शत्रूच्या नव्या विमानाला लावले जातात. २३ जून १९४२ ला जर्मन वैमानिक आर्मिन फाबर चुकून वेल्समधल्या पेंब्रे तळावर फॉके-वुल्फ १९० घेऊन उतरला. ब्रिटिशांनी ते लगेच चाचणीला घेतलं, पण इंजिन खडखडत चालत होतं, हे ध्यानात ठेवूनच त्याचे आकडे वाचावे लागतात. अॅल्युशियन बेटांतल्या अकुतान इथे ४ जून १९४२ ला दलदलीत उलटलेलं जपानी लढाऊ विमान झीरो सॅन डिएगोला नेऊन दुरुस्त केलं आणि सप्टेंबरात उडवलं. तिथे काढलेले निष्कर्ष टिकले, कारण ते कमाल वेगाचे नव्हते, रचनेचे होते. २०० नॉटच्या वर एलेरॉन (विमान कलवणारे पंखावरचे फलक) जड होतात, आणि फ्लोट-कार्बुरेटरमुळे नाक झटक्यात खाली दाबलं की इंजिन क्षणभर बंद पडतं. थकलेल्या विमानातही हे दोष तसेच दिसतात.

कधीकधी न उडवणंच योग्य असतं. ६ सप्टेंबर १९७६ ला व्हिक्टर बेलेंको मिग-२५ घेऊन जपानच्या हाकोदातेला उतरला. ते विमान सोव्हिएत संघाला परत द्यायचं होतं, म्हणून ते सुटं करून, तुकड्या-तुकड्याने तपासून खोक्यांत भरून परत पाठवलं. सांगाडा मुख्यतः पोलादाचा आणि रडारमध्ये व्हॅक्यूम ट्यूब, हे कळायला आकाशात जायची गरज नव्हती.

आपल्याकडचं उदाहरण शत्रूच्या विमानाचं नाही, पण अडचण तीच. महायुद्धानंतर कानपूरला अमेरिकी बनावटीचे लिबरेटर बॉम्बर टाकून दिलेले होते, आणि पुन्हा कोणी उडवू नयेत म्हणून जाताना त्यांची मुद्दाम मोडतोड केलेली होती. १९४८ मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्यांतली धड विमानं निवडली, एकाचे भाग दुसऱ्याला लावून जेमतेम उडण्याजोगी केली, आणि कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून बंगळूरला नेली. तिथे ती पूर्ण उघडून दुरुस्त झाली. अशी चाळीसच्या आसपास विमानं उभी राहिली, त्यांवर हवाई दलाच्या पाच आणि सहा क्रमांकाच्या तुकड्या चालल्या, आणि ती १९६८ अखेरपर्यंत सेवेत होती. लंडनच्या हेंडन इथल्या हवाई दल संग्रहालयातला लिबरेटर भारतानेच १९७४ मध्ये दिलेला आहे.

तुम्हाला कॉलेजच्या प्रकल्पासाठी यातून काही घ्यायचं असेल तर गुरुत्वमध्याचा हिशेब घ्या. वर तोफांचे आकडे दिले आहेत, त्यात ३६० गोळ्यांचं वजन धरलेलं नाही. ते धरून मध्य किती सरकतो आणि नाकात किती किलो शिसं कुठे बांधावं लागेल ते काढा. यू-नळीचं साधन तर वाशीच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानातली पारदर्शक नळी आणि शाळेतली पट्टी एवढ्यावर होतं. पाण्यात थेंबभर शाई टाका, पातळी वाचायला सोपी जाते.